कौटुंबिक उपासना (मराठी ख्रिस्ती)

ख्रिस्ती घरातील सर्वांनी रोज ठरल्या वेळी एकत्र बसून केलेले गायन, शास्त्रवाचन व प्रार्थना. बोलण्यात हिला ‘घरची प्रार्थना’ म्हणतात. मुलांना विश्वासात वाढवण्याचे काम शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या रविवारच्या धर्मशिक्षणवर्गाच्या) किंवा पाळकांच्या आधी आईबापांचे, ही तिच्यामागची धारणा. तिला आधार बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा (अध्याय ६, वचने ६-७): ही वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत, घरी बसता, मार्गाने चालता, निजता आणि उठता त्यांविषयी बोलत जावे. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की त्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता (२ तीमथ्य १:५). मराठी घरांतही ही उपासना पुष्कळदा आजीच धरून ठेवते.

अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनरी संस्थेचे काम १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरात सुरू झाले. मिशनऱ्यांबरोबर आलेल्या पाश्चात्त्य चाली उपासनामंदिरात पेटीच्या साथीने निभावत. चार माणसांच्या घरात त्या ओढूनताणून म्हटल्या जात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी अभंग व भजनाची वाट मोकळी केली, तेव्हा टाळ आणि सूर धरणारा एक जण एवढ्यावर घरचे गायन चालू लागले. या उपासनेच्या इतिहासातला हा सर्वांत उपयोगी बदल म्हणता येईल.

कॅथलिक घरांत या जागी संध्याकाळची जपमाळ असते. गोव्यात तिला ‘तेर्स’ म्हणतात आणि ती बहुधा कोंकणीत होते. वसईत मराठीत किंवा घरच्या बोलीत. पाच दशकांच्या (एक दशक म्हणजे मरियेची प्रार्थना दहा वेळा) माळेला साधारण वीस मिनिटे लागतात. प्रत्येक दशकाबरोबर येशू व मरिया यांच्या जीवनातल्या एका प्रसंगाचे, म्हणजे ‘रहस्या’चे, मनन होते: आनंदाची रहस्ये सोमवारी व शनिवारी, दुःखाची मंगळवारी व शुक्रवारी, गौरवाची बुधवारी व रविवारी. प्रकाशाची रहस्ये २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी जोडली, ती गुरुवारी. तेर्स संपल्यावर मुले थोरांपुढे हात जोडून ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. लहान मुलाला एकेक दशक चालवायला दिले की माळ त्याची होते. नुसते उत्तर देणारे मूल तिसऱ्या दशकापर्यंत पेंगते.

प्रॉटेस्टंट घरातला नेहमीचा क्रम असा: एक गीत, वाचन, त्यावर एखादा प्रश्न, दोघातिघांच्या छोट्या प्रार्थना, शेवटी सर्वांनी मिळून येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर हे सगळे पाच-सात मिनिटांत उरकावे, शाळकरी मुले असतील तर पंधरा मिनिटांत. रात्रीच्या जेवणाआधी बसणे बरे. जेवणानंतर झोप आड येते. गीत कोणते ते मुलाने निवडावे, वाचनाची पाळी लावावी आणि ज्याची पाळी असेल त्याला अध्याय दुपारीच दाखवून ठेवावा.

वाचन बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सलग सुरू केलेली घरे बहुधा नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकात, लेवीयमध्ये, थांबतात. मुलांसाठी मार्कच्या शुभवर्तमानापासून आरंभ करावा: सोळा अध्याय, रोज अर्धा, साधारण महिन्याभरात पुस्तक पुरे. ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचे अध्याय एकतीस असल्याने तारखेप्रमाणे वाचता येतात, पण पाचव्या ते सातव्या अध्यायांतला व्यभिचाराचा विषय मोठ्या मुलांसाठी राखावा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांची अडचण श्रद्धेची नसते, भाषेची असते. ‘तारण’, ‘नीतिमान’, ‘प्रायश्चित्त’ हे शब्द त्यांनी घराबाहेर ऐकलेलेच नसतात. एका वेळी एकच शब्द थांबून समजावावा, किंवा सोप्या मराठीतले भाषांतर वापरावे. फोनवरच्या बायबलपेक्षा छापील प्रत सोयीची. फोनवर वाचनाच्या मध्येच संदेश येतो आणि बापच तो आधी पाहतो.

पाठांतर आठवड्याला एका वचनाचे पुरे. आधी संदर्भ, मग वचन, पुन्हा संदर्भ, असे म्हणवून घ्यावे. शनिवारी मागची चार वचने उजळावीत. उजळणी नसेल तर नाताळच्या कार्यक्रमापुरते पाठ झालेले जानेवारीत उरत नाही. तेविसाव्या स्तोत्राच्या सहा ओव्या, रोज एक, आठवड्यात होतात. पाठांतर शिक्षा म्हणून कधी देऊ नये.

उपासना मोडते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिले, लांबी: पाहुणे आले की घरमालकाची प्रार्थना दुप्पट होते. दुसरे अधिक घातक. डोळे मिटून देवाला उद्देशून मुलाचे गुण, मोबाइल आणि उद्धटपणा मांडणे हे प्रार्थनेच्या आडून रागावणे आहे, आणि मुलाला ते लगेच कळते. ‘बापांनो, आपल्या मुलांना चिडवू नका’ (इफिसकरांस ६:४) हे वचन नेमके येथे लागू पडते. दिवसभराचे भांडण आधी मिटवावे, चूक मोठ्यांची असेल तर मुलाची माफी मागावी, मग बसावे. खंड पडला तर राहिलेले अध्याय भरून काढू नयेत, आजच्यापासून पुढे जावे. किशोरवयीन मुलाने मोठ्याने प्रार्थना करायला नकार दिला तर त्याला नुसते बसू द्यावे.

अर्पणाची सवयही इथूनच लागते. चर्चच्या दारात आईने हातात कोंबलेली नोट मुलाचे दान होत नाही. खाऊच्या पैशांतून त्याने स्वतः काढून आदल्या रात्री पाकिटात घातलेले नाणे मात्र त्याचे दान ठरते.

महाराष्ट्रात ख्रिस्ती मुलांचे बहुतेक सोबती इतर धर्मांचे असतात, म्हणून गणपतीच्या प्रसादाचा प्रश्न दरवर्षी येतो. ख्रिस्ती मंडळ्यांचे (चर्चचे) रिवाज यात वेगवेगळे आहेत. पौलाचा सल्ला (१ करिंथकरांस १०:२५-२९) असा की पुढे वाढलेले चौकशी न करता खावे. नैवेद्याचे आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकभावासाठी खाऊ नये. घरचा निर्णय काहीही असो, तो गणेशचतुर्थीच्या आधी मुलाला सांगावा आणि शेजारच्या काकूंना नम्रपणे काय म्हणायचे ते त्याच्याकडून एकदा बोलून घ्यावे.