गुलमर्ग

गुलमर्ग हे जम्मू व काश्मीर केंद्रशासित प्रदेशाच्या बारामुल्ला जिल्ह्यातील, श्रीनगरपासून सुमारे ५० किमी. अंतरावर पीर पंजाल रांगेत वसलेले गिरिस्थान असून बर्फावरील खेळांचे भारतातील प्रमुख केंद्र आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २,६५० मी. आहे. ठाण्याहून शेवटची कसारा लोकल पकडून जे कळसूबाई शिखर (१,६४६ मी.) गाठले जाते, त्याच्या माथ्यापेक्षा गुलमर्गचे सपाट कुरण हजार मीटरने उंच आहे.

‘मर्ग’ म्हणजे कुरण. गौरीमर्ग हे जुने नाव बदलून सोळाव्या शतकात यूसुफ शाह चक या राजाने ‘गुलमर्ग’, म्हणजे फुलांचे कुरण, हे नाव रूढ केले, असे सांगितले जाते. नावाप्रमाणेच हे स्थळ दीर्घकाळ उन्हाळ्याचेच होते. मैदानी प्रदेशातील उकाड्याला कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी येथे गोल्फचे मैदान आखले, चर्च बांधले आणि बर्फ पडू लागले की मुक्काम हलवला. बर्फ ही अडचण नसून खेळाचे साहित्य आहे, ही दृष्टी नंतरची. १९२७ मध्ये येथे स्की क्लब स्थापन झाला व नाताळ आणि ईस्टर या सणांच्या सुमारास स्पर्धा होऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, भारतीय लष्कराने येथे स्कीइंगची शाळा काढली. तिचेच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये रूपांतर झाले. नागरी पर्यटनाला मात्र खरी गती दिली ती गोंडोला नावाच्या रज्जुमार्गाने. १९९० च्या सुमारास अशांततेमुळे रखडलेल्या या कामाचा गुलमर्ग ते कोंगडूरी हा टप्पा १९९८ मध्ये आणि तेथून अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंतचा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. ठाणेकर पर्यटकांच्या तोंडी हे टप्पे ‘फेज वन’ आणि ‘फेज टू’ असेच असतात. वारा वाढला की वरचा टप्पा बंद ठेवला जातो, त्यामुळे घरी बसून ऑनलाइन तिकीट काढले तरी शिखर पदरात पडेलच असे नाही.

ठाणे व नवी मुंबईतील कुटुंबे बहुधा शाळांना सुटी लागल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत येतात. ही वेळ गावाच्या जुन्या, उन्हाळी रूपाची असते. कुरण हिरवे आणि बर्फ फक्त वर. डिसेंबरातही पंखा चालू ठेवणाऱ्या या मंडळींना ठाण्याच्या जांभळी नाका बाजारातून आणलेले स्वेटर पुरत नाहीत आणि घाटाच्या पायथ्याच्या तंगमर्ग गावातील दुकानांतून भाड्याने घेतलेले लांब कोट व गमबूट चढवावे लागतात. खरा हंगाम पाहायचा तर २१ डिसेंबरला सुरू होणाऱ्या ‘चिल्लई कलान’ या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीनंतर यावे. तेव्हा तंगमर्गवरून चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्या घाट चढतात. स्की न येणाऱ्यांना लाकडी स्लेजवर बसवून स्थानिक माणूस दोरीने ओढत चढावर नेतो आणि उतरताना स्वतः पुढे बसून टाचांनी ब्रेक लावतो. अनुभवी स्कीपटूंना अफरवतच्या उतारांवरील न दाबलेल्या, भुसभुशीत बर्फाचे आकर्षण असते.

महाराणी मंदिर, बाबा रेशींचा दर्गा, खिलनमर्गचे कुरण आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत गोठलेले अलपथर सरोवर ही इतर प्रेक्षणीय स्थळे आहेत. आकाश स्वच्छ असल्यास नंगा पर्वताचे दर्शन घडते.

२०२० पासून येथे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा भरतात. अलीकडे मात्र बर्फाचा भरवसा उरलेला नाही. जानेवारी २०२४ चा बराच काळ हे उतार कोरडे होते आणि २०२५ मध्ये पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतील स्पर्धा मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.