डीपीचा एलए आणि माळव्याची काळी माती

मृग लागला की इंदूरवर दुपारनंतर ढग चढतात, दोन-चार कडकडाट होतात आणि कुठल्यातरी कॉलनीची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, बसते. ‘वीज पडली’ म्हणून विषय तिथेच मिटतो. पण वीज थेट डीपीवर क्वचितच पडते. जवळच्या झाडावर किंवा मोकळ्या मैदानात पडली, तरी शेजारून गेलेल्या ११ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) तारांत शंभर केव्हीपर्यंतची लाट उठू शकते. एरवी त्या तारेचं जमिनीशी असलेलं व्होल्टेज शिखरालासुद्धा जेमतेम ९ केव्ही असतं.

ही लाट मायक्रोसेकंदाच्या आसपास शिखर गाठते, आणि खरा घात या वेगात आहे. रोजच्या ५० हर्ट्झच्या विजेचा ताण ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलचे सगळे वेढे सारखा वाटून घेतात. इतक्या झपाट्याने चढणाऱ्या लाटेला तेवढी फुरसत नसते. तिचा मोठा भाग लाइनकडच्या पहिल्या काही वेढ्यांवरच कोसळतो. त्या वेढ्यांमध्ये असतो फक्त तेलात मुरलेला कागद. म्हणून जळालेली कॉइल उघडली की कधीकधी बाकी सगळी शाबूत आणि वरच्या टोकाशीच काळं भोक दिसतं.

नवा ११ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर साधारण ७५ केव्हीचा असा धक्का सोसेल, हे कारखान्यातल्या चाचणीत बघतात. पण कागद म्हातारा होतो. ओव्हरलोडमुळे तापमान ६ ते ८ अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. शिवाय ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो: दिवसा तेल फुगतं, रात्री आकसतं आणि बाहेरची दमट हवा आत ओढतं. ती हवा ब्रीदरमधल्या, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेवरच्या डबीतल्या, सिलिका जेलने कोरडी करायची असते. जेल ओलं होऊन निळ्याचं गुलाबी झालं, की ओल अडत नाही आणि आत आलेलं पाणी तेलापेक्षा कितीतरी जास्त कागदातच साठतं.

लाटेला जमिनीत वाट करून देतो तो लाइटनिंग अरेस्टर, लाइनमनच्या तोंडचा ‘एलए’. प्रत्येक फेजला एक. आत झिंक ऑक्साइडच्या चकत्या रचलेल्या असतात. चकतीतल्या दोन सूक्ष्म कणांमधली प्रत्येक सीमा साधारण ३ व्होल्टपर्यंत विजेला अडवते, त्यापुढे एकदम मोकळी होते. अशा हजारो सीमा ओळीने आल्या की रोजच्या व्होल्टेजला जवळपास काहीच प्रवाह जात नाही, पण लाट येताच हजारो अँपिअर सुटतात. लाट ओसरली की वाट पुन्हा बंद. १९६० च्या दशकाअखेरीस जपानच्या मात्सुशिता कंपनीत हा गुण हाती लागला. फार मोलाचा शोध आहे हा.

तरीही एलए असून डीपी जाते, आणि त्याचं कारण बऱ्याचदा तारेत असतं. ५,००० अँपिअर जाताना ९ केव्ही रेटिंगच्या एलएवर साधारण ३० केव्ही उरतात; इथवर ठीक. पण तारेच्या दर मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहाच्या झटपट बदलाला होणारा विरोध, असतो. प्रवाह मायक्रोसेकंदाला १०,००० अँपिअरने चढला, तर एका मीटर तारेवरच आणखी १० केव्ही उभे राहतात. एलए वर, खांबाच्या आडव्या क्रॉस-आर्मवर ठोकला आणि त्याच्या जोडतारा दोन मीटर झाल्या, की ३० चे ५० झाले. जुन्या, ओलसर कागदाला तेवढे पुरतात. म्हणून एलएची जागा ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर, बुशिंगला (तार आत जाते त्या चिनीमातीच्या नळीला) लागून.

अर्थिंगचंही तसंच. एलएची अर्थिंग वेगळ्या खड्ड्यात आणि टाकीची वेगळ्या, मध्ये जोड नाही, असं असेल तर खड्ड्याचा रेझिस्टन्स आड येतो: १० ओहममधून ५,००० अँपिअर गेले की ५० केव्ही, आणि ते थेट वरच्या ३० मध्ये मिळतात. एलएचं खालचं टोक जाड पट्टीने टाकीला जोडलं की हा भार कॉइलच्या इन्सुलेशनवर येत नाही. एवढीशी पट्टी, पण ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

कारण आपली माती काळी आहे. ओली असताना ती वीज उत्तम वाहून नेते. मे महिन्यात मात्र ती आकसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातल्या इलेक्ट्रोडपासून सुटते. पहिला गडगडाट नेमका तेव्हाच येतो, मुरवणीचा पाऊस पडायच्या आधी. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी घालायची वेळ म्हणूनच एप्रिल-मे, पावसाळा नव्हे.

कुंपणाबाहेरून आपल्यालाही एक गोष्ट दिसते. एलए निकामी झाला की बऱ्याच प्रकारांत त्याच्या बुडाचा डिस्कनेक्टर तुटतो आणि अर्थची तार खाली लोंबते. दिवे चालूच राहतात, त्यामुळे कोणी तक्रार करत नाही. पण तो फेज त्या क्षणापासून विजेच्या लाटेपुढे उघडा, संरक्षणाविना असतो. तशी तार दिसली तर हात न लावता, १९१२ वर पोल नंबरासकट कळवायचं.