द ब्वान्य: महादजींच्या छावणीतून सॅव्हॉयला गेलेलं एक विरळ फ्रेंच आडनाव

मराठ्यांच्या इतिहासात ज्याला आपण डी बॉइन म्हणतो, त्या महादजी शिंद्यांच्या सेनापतीचं आडनाव फ्रेंच उच्चाराप्रमाणे साधारण ‘द ब्वान्य’ असं होतं. मराठी पुस्तकांत ते डी बॉइन, डिबॉइन, डी बॉयन अशा नाना तऱ्हांनी छापलेलं सापडतं. पण खुद्द हे आडनाव आलं कुठून आणि आज ते इतकं दुर्मीळ का, याकडे फारसं कोणी वळत नाही. मला हा विषय जवळचा वाटतो, कारण या आडनावाची कहाणी फ्रान्सपेक्षा दुआब, मथुरा आणि राजपुतान्यातल्या रणांगणांवरच जास्त घडली आहे.

सुरुवात शँबेरी या गावापासून. आल्प्सच्या पायथ्याचं हे शहर सॅव्हॉय प्रांताची जुनी राजधानी. 1751 मध्ये तिथल्या एका कातडी आणि फरच्या व्यापाऱ्याच्या घरी बन्वा नावाचा मुलगा जन्मला. त्याचं जन्मनाव होतं बन्वा लबोर्न्य. त्या काळी सॅव्हॉय फ्रान्समध्ये नव्हतं. ते सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखाली होतं. भाषा फ्रेंच, राजा मात्र तुरीनचा. म्हणजे हा मुलगा जन्माने फ्रेंच प्रजाजनसुद्धा नव्हता.

लबोर्न्य हे आडनाव अजिबात दुर्मीळ नाही. ‘बोर्न्य’ म्हणजे एका डोळ्याने आंधळा, एकाक्ष. शरीरावरून पडलेल्या टोपणनावांचीच पुढे आडनावं झाली, अशी फ्रेंच आडनावांची एक मोठी शाखा आहे. लग्राँ म्हणजे मोठा किंवा उंच, प्ती म्हणजे छोटा, रू म्हणजे तांबड्या केसांचा, कामू म्हणजे चपट्या नाकाचा. आपल्याकडे बोबडे, टकले, वाकडे आहेतच. अशी टोपणनावं कोणालाही, कुठेही पडू शकतात. त्यामुळे एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या घराण्यांत तेच आडनाव सापडतं. फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनी प्रांतात ‘ल बोर्न्य’ असं दोन शब्दांत लिहिलेलं आडनाव चांगलंच रुळलेलं आहे. शिवाय तिथल्या ब्रेटन भाषेतल्या ‘बॉर्न’ या त्याच अर्थाच्या शब्दावरून आलेलं ‘ल बॉर्न’ही तिथे आहे. तेव्हा ब्रिटनीतला लबोर्न्य आणि शँबेरीतला लबोर्न्य हे भाऊबंद असायलाच हवेत असं नाही.

या सर्वसाधारण आडनावातून विरळ आडनाव कसं निघालं, ते कागदावर दोन्ही नावं एकाखाली एक लिहून पाहिलं की चटकन कळतं. पहिलं एल-ई-बी-ओ-आर-जी-एन-ई. दुसरं डी-ई-बी-ओ-आय-जी-एन-ई. दोन्हींत आठच अक्षरं. एलच्या जागी डी आला आणि आरच्या जागी आय, एवढाच काय तो फरक. पण परिणाम केवढा! ‘ल’ हा साधा उपपद शब्द जाऊन ‘द’ आला आणि ‘अमुक जागेचा’ असा खानदानी वास नावाला लागला. आर गेल्यामुळे एकाक्ष हा अर्थही पुसला गेला. कोणी मुद्दाम बसून जुळवलं असतं तरी याहून काटकसरीचा बदल साधला नसता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फ्रेंच आडनावातला ‘द’ म्हणजे सरदार घराण्याचा शिक्का, असं आपण सहज धरून चालतो. तसं नाही. ‘द’ लावणारी शेतकरी कुटुंबं होती आणि ‘द’ न लावणारे खरेखुरे उमरावही होते. लोकमानसात मात्र ‘द’ला वजन होतं. सैन्यात वर चढू पाहणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलाला ते वजन हवं होतं, यात नवल नाही. दुसरं असं की ‘द ब्वान्य’ म्हणजे ब्वान्य नावाच्या गावचा, असा तर्क करून कोणी ऑर्लेआँजवळच्या ब्वान्यीकडे किंवा पॅरिसच्या दक्षिणेला ब्वान्यव्हीलकडे मूळ शोधायला जाईल, तर हाती काही लागणार नाही. या आडनावामागे गावच नाही.

बन्वा आधी फ्रान्सच्या नोकरीतल्या आयरिश पलटणीत शिरला. मग रशियाच्या बाजूने लढला, तुर्कांच्या हाती कैद झाला आणि सुटून 1778 मध्ये मद्रासला पोचला. तिथे काही काळ ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत राहिला. 1784 मध्ये तो महादजी शिंद्यांच्या पदरी आला. पुढचा इतिहास मराठी वाचकांना ठाऊक आहे. कवायती पायदळाच्या दोन पलटणींपासून सुरुवात झाली आणि त्यांच्या पुढे ब्रिगेड झाल्या. 1787 मध्ये लालसोट, 1788 मध्ये आग्रा, 1790 मध्ये पाटण आणि मेडता, 1793 मध्ये लाखेरी, अशा त्याच्या लढाया. खर्चासाठी दुआबात जायदाद लावून दिलेली, ठाणं कोइल-अलिगडला. या फौजेवर सॅव्हॉयचा पांढरा क्रूस असलेलं निशाण फडकत असे. नावातून लबोर्न्य गेला असला तरी गाव मनातून गेलं नव्हतं, हे त्या निशाणावरून दिसतं.

लाखेरीच्या लढाईत शिंदे-होळकरांचं आपसातलं वैर रणांगणावर आलं. होळकरांच्या बाजूने कवायती फौजेचा म्होरक्या होता शव्हालिए द्युद्रनेक. तोही फ्रेंच आणि त्याचंही आडनाव विरळच. पण त्याची जातकुळी अगदी वेगळी. ते अस्सल ब्रेटन आडनाव. ब्रिटनीच्या पश्चिम टोकाला फिनिस्तेरमध्ये ल द्रेनेक नावाचं गाव आहे आणि काटेरी झुडपांची जागा असा त्या नावाचा अर्थ लावतात. म्हणजे द्युद्रनेक हे जागेवरून आलेलं, मातीला धरून असलेलं आडनाव, तर समोरचं द ब्वान्य केवळ दोन अक्षरांच्या फेरबदलाचं. मराठ्यांच्या दोन दौलतींकडून ही दोन आडनावं राजस्थानात एकमेकांसमोर उभी ठाकली होती. शिंद्यांच्याच चाकरीत द ब्वान्यनंतर सेनापती झालेला पेराँही मूळचा प्येर क्विये. त्यानेही इकडे वेगळंच नाव लावलं. परमुलखात नवं नाव घेऊन वर चढणं, ही त्या काळच्या युरोपीय शिलेदारांची सर्रास रीत होती.

आता कायद्याची बाजू, कारण आडनाव टिकतं ते शेवटी दप्तरात. 1539 च्या व्हिलेर-कोतरेच्या फर्मानाने फ्रान्समध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याची सक्ती झाली. कॅथलिक जगात अन्यत्र 1563 नंतर चर्चच्या आदेशाने अशा वह्या नियमित होत गेल्या. तोवर सैल असलेली टोपणनावं या नोंदींमुळे पक्की आडनावं झाली. क्रांतीनंतर 23 ऑगस्ट 1794 च्या कायद्याने, जन्मनोंदीत असेल त्याशिवाय दुसरं नाव लावायला मनाई झाली. 1803 मध्ये नाव बदलण्याची रीतसर वाट ठरली, पण ती सरकारी परवानगीची आणि लांबलचक.

या तारखा द ब्वान्यच्या आयुष्याशेजारी ठेवून पाहा. 1792 मध्ये फ्रेंच फौजांनी सॅव्हॉय घेतलं आणि शँबेरी फ्रान्सचा भाग झालं. म्हणजे 1794 चा तो कायदा त्याच्या जन्मगावाला लागू होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले होते आणि हा गृहस्थ उत्तर हिंदुस्थानात द ब्वान्य म्हणून हजारोंच्या फौजेचा सेनापती होता. जन्मगावच्या कायद्यानं जे नाव चाललं नसतं, ते इकडे सनदापत्रांत आणि दरबारांत रुजू झालं होतं. पुढे पाडाव झालेल्या नेपोलियनच्या जागी जुने राजे परत आले, सॅव्हॉयही सार्डिनियाकडे गेलं आणि 1816 मध्ये राजा व्हिक्टर इमॅन्युएल पहिला याने द ब्वान्यला काउंट केलं. राजानेच या नावाला किताब जोडल्यावर त्याच्या खरेखोटेपणाचा प्रश्न मिटला.

द ब्वान्य शिंद्यांची चाकरी सोडून गेला 1795 च्या अखेरीस. 1797 मध्ये लंडनला पोचला तेव्हा सोबत पत्नी आणि दोन मुलं होती. पत्नी पर्शियन वंशाची, नूर बेगम. इंग्लंडात तिचं नाव हेलेन बेनेट झालं. मुलीचं नाव बानू, ती ॲना झाली. मुलगा अली बक्श, तो शार्ल-अलेक्झांद्र झाला. इंग्लंडात गेल्यावर द ब्वान्यने नूरला बाजूला सारलं आणि 1798 मध्ये आदेल दोस्माँ या निर्वासित फ्रेंच उमरावकन्येशी लग्न केलं. ती सतरा वर्षांची आणि तो सत्तेचाळीसचा. आपलं घराणं आणि पूर्वायुष्य यांबद्दल त्याने आपल्याला अंधारात ठेवलं, असं तिने पुढे आठवणींत लिहून ठेवलं. ते लग्न काही सुखाचं झालं नाही आणि मूलही झालं नाही. पण फ्रेंच वाचकांना हे आडनाव आज ठाऊक आहे ते मुख्यतः तिच्यामुळे. तिच्या आठवणी 1907 पासून छापून आल्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या उच्चभ्रू समाजाचं मोठं साधन ठरल्या. नाव नवऱ्याने घडवलं आणि ज्या बायकोला ते फसवं वाटलं, तिनेच ते अजरामर केलं.

हेलेन बेनेट म्हणजेच नूर ससेक्समधल्या होर्शमच्या परिसरात एकटी राहिली आणि 1853 मध्ये तिथेच वारली. तिच्याबद्दल इतिहासात फार थोडे शब्द खर्ची पडले आहेत, याचं मला वाईट वाटतं. कारण आडनावाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती तीच आहे. आदेलला मूल नव्हतं. द ब्वान्य घराणं पुढे चाललं ते अली बक्शपासून, हिंदुस्थानात जन्मलेल्या तिच्या मुलापासून. त्याचं लग्न 1816 मध्ये सॅव्हॉयच्याच एका घराण्यात झालं आणि त्याला तेरा मुलं झाली. या घराण्यातल्या वंशजांची वंशावळ वर नेत गेलं की ती शिंद्यांच्या छावणीत आणि नूरपाशी येऊन थांबते.

विरळपणाचं कारणही इथेच आहे. टोपणनावावरून किंवा धंद्यावरून पडलेलं आडनाव शेकडो ठिकाणी एकाच वेळी उगवतं, म्हणून ते वाढतं. एका माणसापासून निघालेलं आडनाव त्याच्या मुलग्यांच्या संख्येवर लटकत राहतं. दोन-तीन पिढ्यांत मुलगे झाले नाहीत की संपलंच. या प्रश्नाचं गणित फ्रेंच गणिती बिएनेमे याने 1845 मध्येच मांडलं होतं. द ब्वान्यच्या बाबतीत दुसऱ्या पिढीत एकच मुलगा होता, म्हणजे धोका पुरेपूर होता. तिसऱ्या पिढीतल्या तेरा मुलांनी ते तारलं.

1860 मध्ये तुरीनच्या तहाने सॅव्हॉय कायमचं फ्रान्सकडे आलं आणि हे आडनाव खऱ्या अर्थाने फ्रेंच झालं. त्यानंतर नातू एर्नेस्त द ब्वान्य फ्रान्सच्या विधिमंडळात सॅव्हॉयचा प्रतिनिधी म्हणून बसला. 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत सांघिक ब्राँझपदक मिळवणाऱ्या फ्रेंच चमूत काउंट राउल द ब्वान्य होता. शँबेरीत तर हे नाव जागोजाग भेटतं. कमानींचा मोठा रस्ता द ब्वान्यच्या नावाचा आहे. त्याने हिंदुस्थानातून नेलेल्या संपत्तीतून शहराला इस्पितळं, वृद्धाश्रम आणि गरिबांसाठी निधी मिळाला. तो 21 जून 1830 रोजी वारला आणि 1838 मध्ये शहराने त्याचं स्मारक म्हणून हत्तींचं कारंजं उभारलं. उंच स्तंभावर त्याचा पुतळा, खाली चार दिशांना तोंडं केलेले चार हत्ती. हत्तींचा फक्त पुढचा अर्धा भाग घडवला आहे, मागची बाजू खांबात गडप. म्हणून गावकरी त्यांना लाडाने ‘बिनकुल्ल्यांचे चौघे’ म्हणतात.

फ्रान्समध्ये आडनावांचा प्रसार पाहायचा तर ‘इन्से’ या सांख्यिकी संस्थेची यादी हा नेहमीचा आधार. 1891 ते 1990 या काळातले जन्म पंचवीस-पंचवीस वर्षांच्या चार टप्प्यांत आणि जिल्हावार त्यात मोजले आहेत. अशा विरळ आडनावासाठी ती वापरताना जपून राहावं लागतं. 1970 च्या दशकापूर्वी वारलेल्यांपैकी बहुतेकांची नावं तीत नाहीत, त्यामुळे पहिल्या टप्प्याचे आकडे नेहमीच कमी भरतात. शिवाय ती जन्माची जागा दाखवते, राहण्याची नाही. पॅरिसच्या इस्पितळात जन्मलेलं सॅव्हॉयच्या घराण्यातलं मूल पॅरिसच्या खात्यात पडतं.

अलीकडच्या कायद्यांनी चित्र आणखी बदलतं आहे. 2005 पासून मुलाला आईचं आडनाव किंवा दोन्ही जोडून देता येतात. जुलै 2022 पासून तर सज्ञान माणसाला साध्या अर्जावर दुसऱ्या पालकाचं आडनाव घेता येतं. मुलींकडून खंडित होणारी विरळ आडनावं यामुळे आता मुलींच्या वाटेनेही पुढे जाऊ शकतात.

कोणाला या घराण्याचा माग काढायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. फ्रेंच ग्रंथालयांच्या सूचीत ‘द’ मागे टाकून नाव बीखाली लावतात, नागरी नोंदींच्या यादीत ते डीखाली असतं, तेव्हा दोन्हीकडे पाहावं. आणि बन्वाच्या आधीच्या पिढ्या शँबेरीच्या चर्चच्या वह्यांत शोधताना द ब्वान्य विसरून लबोर्न्यच शोधावं.