कंत्राटदाराची पाहणी आणि स्वतंत्र तपासणी

भिंतीला ओल धरली, रंगाचे पोपडे सुटू लागले की आपण ओळखीपाळखीतून दोन-तीन कंत्राटदारांचे नंबर मिळवतो आणि 'एकदा येऊन बघून जा' म्हणतो. ते येतात, भिंतीवर हात फिरवतात, ठोकून बघतात, ओल मोजायचं छोटं यंत्र टेकवतात आणि दोन दिवसांत कोटेशन पाठवतात. पैसेही घेत नाहीत. घर तपासून झालं, असं आपल्याला वाटतं. पण झालेली असते ती काम घेण्यासाठीची पाहणी. तपासणी अजून व्हायचीच असते.

बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक आहे तो मनात घेऊन आलेल्या प्रश्नाचा. पाहणीला आलेला माणूस बघतो की माल किती लागेल, माणसं किती, दिवस किती. काम कोणतं, हे त्याच्या लेखी आल्याआल्याच ठरलेलं असतं. तपासणी करणारा इंजिनिअर त्याच्या एक पायरी आधी सुरुवात करतो : पाणी येतंय कुठून? आणि आत्ता काही करायची गरज आहे का? 'सध्या काही करू नका, एक पावसाळा बघा' हे उत्तर त्याला देता येतं, कारण त्याची फी त्या उत्तरावर अवलंबून नसते. कंत्राटदाराने तेच उत्तर दिलं तर त्याची फेरी वाया जाते.

यात कुणी लबाड असायलाच हवा असं नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आयुष्यभर वॉटरप्रूफिंग केलेल्या माणसाला प्रत्येक डागात निकामी झालेला थर दिसतो, प्लंबरला त्याच डागात जुनी पाइपलाइन दिसते. दोघेही मनापासून बोलत असतात. म्हणून 'माणूस प्रामाणिक आहे का?' एवढं विचारून भागत नाही. या माणसाने काय सांगितलं तर त्याला पैसे मिळतात, हेही बघावं लागतं.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखाली छताला डाग पडला आहे, असं धरू. पाणी पुरवठ्याच्या पाइपमधून येत असेल, सांडपाण्याच्या ट्रॅपमधून (फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं तो जाळीखालचा भाग), फरशीच्या सांध्यांतून किंवा थेट बाहेरच्या भिंतीतून. शोधायची रीत साधी, पण वेळखाऊ. बाथरूमचा वापर काही दिवस पूर्ण बंद ठेवायचा. तरीही डाग वाढला तर संशय आधी पुरवठ्याच्या पाइपवर, कारण तिच्यात पाणी सतत दाबाखाली असतं; मग पाइपची दाबचाचणी घ्यायची, म्हणजे तिच्यात दाब देऊन तो उतरतो का ते बघायचं. वापर सुरू केल्यावरच वाढला तर ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर रंगीत पाणी साठवायचं आणि खाली लक्ष ठेवायचं. एवढा वेळ फुकट कोण देणार? म्हणून थेट फरशी फोडून नवा थर घालायचं कोटेशन येतं. गळती पाइपच्या जोडात असली तर नव्या थराचे पैसे भरूनही डाग तिथेच राहतो.

त्या ओल मोजायच्या यंत्राबद्दलही सांगायला हवं, कारण लोक सर्वांत जास्त भुलतात ते त्याच्या आकड्याला. दोन टोचण्यांचं हे यंत्र विजेला होणारा विरोध मोजतं आणि सहसा ते लाकडासाठी जुळवलेलं असतं. विटांवर किंवा गिलाव्यावर त्याच्याकडून एवढंच कळतं की हा भाग त्या भागापेक्षा जास्त ओला वाटतो. भिंतीत क्षार साठले असतील, पांढरी भुकटी दिसत असेल, तर आकडा ओलीच्या मानाने बराच वर जातो. तो दाखवून कुणी 'सगळी भिंत सोलावी लागेल' म्हणत असेल, तर तेवढ्यावर हो म्हणू नका. नेमकी ओल मोजायची तर ड्रिलने भिंतीच्या आतला भुगा काढतात, तो कॅल्शियम कार्बाइडबरोबर बंद बाटलीत हलवतात आणि तयार होणाऱ्या वायूच्या दाबावरून ओलीचं प्रमाण काढतात.

हे सगळं प्रत्येक कामाला लागत नाही. फुटलेली फरशी, गळका नळ, रंगकाम : कारण डोळ्यांसमोर असेल तिथे कंत्राटदाराची पाहणी पुरते. कारण दिसत नसेल, फोडाफोड मोठी असेल किंवा स्लॅब, बीम, कॉलम यांचा प्रश्न असेल, तिथे तपासणीची फी वाचवू नये.

मात्र 'स्वतंत्र' हा शब्द लेटरहेडवर कुणालाही छापता येतो. सल्लागाराची फी कामाच्या एकूण खर्चाच्या टक्केवारीत असेल तर काम वाढलं की त्याचीही फी वाढते. तपासणीची रक्कम आधीच ठरलेली बरी. तो एकाच कंत्राटदाराचं किंवा एकाच कंपनीच्या केमिकलचं नाव पुढे करत असेल, तर 'या कामात तुम्हाला आणखी कुणाकडून काही मिळतं का?' हे सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स या संघटनेच्या आचारसंहितेत, तपासलेल्या घराची दुरुस्ती त्याच तपासनीसाने पैसे घेऊन एक वर्षभर करू नये, असा नियम आहे. आपल्या कामापुरती ही अट आपणही घालू शकतो.

तपासणीचा अहवाल हातात आला की कोटेशनंही खऱ्या अर्थाने शेजारी ठेवून बघता येतात. एरवी एक जण सांधे भरायचा दर देतो, दुसरा नवी फरशी लावायचा, तिसरा वरून केमिकल मारायचा, आणि आपण नुसत्या बेरजा ताडून बघतो. सर्वांना तीच कामं, तीच मापं द्या आणि फक्त दर मागा. इथे कंत्राटदाराच्या पाहणीलाही खरी किंमत येते, कारण चांगला कंत्राटदार अहवालातल्या चुका दाखवतो. 'ही दोन कामं काढून टाका, लागणार नाहीत' असं स्वतःचं बिल कमी करून सांगणारा भेटला, तर त्याचं म्हणणं इंजिनिअरसमोर ठेवा. मी तरी अशा माणसाला दर थोडा जास्त असला तरी काम देईन.

काम सुरू झाल्यावरही करणारा आणि तपासणारा वेगळे ठेवा. वॉटरप्रूफिंगचा थर वाळला की फरशी बसवण्याआधी पाण्याची वाट बंद करून निदान 24 तास पाणी साठवायचं, खालून बघायचं, आणि हे इंजिनिअरच्या देखत व्हायला हवं. त्या टप्प्याचे पैसे या चाचणीनंतरच द्यायचे, असं करारातच लिहून घ्या. थर फरशीखाली झाकला गेला की गळती नेमकी कुठून होतेय हे सांगणं पुन्हा अवघड होतं, आणि मग जबाबदारी कुणाची यावर वाद घालत बसावं लागतं.