बालवाढीचा अनुदैर्घ्य अभ्यास (ठाणे जिल्हा)

तीच मुले ठरावीक अंतराने, वर्षानुवर्षे तपासत जाण्याची संशोधनपद्धत. वाढ म्हणजे वजन, उंची, डोक्याचा घेर; विकास म्हणजे बसणे, बोलणे, वस्तू ओळखणे. दोन्हींची कारणे एकमेकांत गुंतलेली असल्याने विद्यापीठातील बालरोग, आहारशास्त्र, मानसशास्त्र, मानवशास्त्र व संख्याशास्त्र हे विभाग एकत्र उतरतात.

वाढ जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांशी ताडतात. दोन वर्षांच्या मुलग्याची मध्यक लांबी (निम्मे मुलगे याहून लांब, निम्मे आखूड) ८७.८ सेंमी. असते; ८१.७ सेंमी.च्या खाली तो खुजा धरला जातो. दुसऱ्या वर्षात महिन्याला साधारण १ सेंमी. वाढ होते. म्हणजे जन्माचा महिना चुकला की सीमारेषेवरचे मूल खुशाल पलीकडे जाते. दाखला नसेल तेव्हा ‘भातलावणी झाली होती का? गौरी-गणपती आले होते का?’ असे विचारत महिना पक्का करावा लागतो.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी निजवून मोजतात, आणि त्याला दोन माणसे लागतातच. एकजण डोके फळीला टेकवून सरळ धरतो. दुसरा गुडघे हलके दाबून सरकती फळी तळव्यांना भिडवतो आणि मिलिमीटरपर्यंत वाचतो. रडून पाय आखडलेले मूल आखूड भरते, डोक्यावर बांधलेल्या केसांनी लांब. दोघे मोजणारे आळीपाळीने, स्वतंत्रपणे मोजतात. फरक ७ मिमी.च्या वर गेला की पुन्हा मोजायचे. उभ्याने घेतलेली उंची निजवून घेतलेल्या लांबीपेक्षा सुमारे ०.७ सेंमी. कमी येते, त्यामुळे कसे मोजले हे लिहिलेच पाहिजे.

शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवर खरी अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गैरहजर मुले नुसती गाळली तर सर्वांत गरीब घरेच वगळली जातात आणि पाड्याची सरासरी फसवी चांगली दिसते. त्यासाठी एक फेरी दिवाळीआधी उरकतात, दुसरी थेट भट्टीवर जाऊन करतात. वजनकाटा तिथे सपाट फळीवर ठेवून, माहीत असलेल्या वजनाने तपासूनच वापरावा.

विकासाच्या चाचणीत घोटाळा भाषेचा होतो. घरात कातकरी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतली सूचना कळली नाही, तर ते मागे पडलेले म्हणून नोंदले जाते. हा दोष मुलाचा नव्हे, चाचणीचा. आधी आईकडून घरातले शब्द लिहून घ्यावेत. मूल भुकेले किंवा पेंगुळलेले असेल, तर त्या दिवशी चाचणी घेऊच नये.