६०० रुपयांचे ८,४०० कसे झाले

बडोद्याच्या सयाजीगंजातून जाताना एका संगणक वर्गाच्या काचेवर लावलेले भित्तिपत्रक बरेच दिवस माझ्या डोळ्यांत खुपत आहे. त्यावर एकमेकांवर थोडी चढलेली दोन वर्तुळे आहेत, मधला बदामाच्या आकाराचा भाग रंगवलेला आहे आणि खाली ‘इनर जॉइन’ असे लिहिले आहे. शेजारच्या चित्रात डावे वर्तुळ पूर्ण रंगवून त्याला ‘लेफ्ट जॉइन’ म्हटले आहे. शाळेत संच शिकलेल्या कोणालाही ही चित्रे चटकन पटतात, आणि घोटाळ्याचे मूळ नेमके त्या पटण्यातच आहे. दोन संचांच्या छेदात लहान संचापेक्षा अधिक घटक कधीच असू शकत नाहीत; माहितीचे दोन तक्ते जोडणारा जॉइन मात्र ४० ओळींचा एक आणि १०० ओळींचा दुसरा तक्ता घेऊन ४,००० ओळींचे उत्तर देऊ शकतो. ही वाढ कुठून येते, हे वर्तुळे सांगत नाहीत. मलाही ते फार उशिरा, आणि चारचौघांत फजिती झाल्यावर कळले.

आमच्या भागातील एका लहानशा मराठी वाचनालयाच्या नोंदी मी हौसेने संगणकावर घेतल्या. त्यात चार तक्ते केले: सभासदांचा, पुस्तकांचा, देवघेवीचा आणि वर्गणीचा. सभासदाचे नाव आणि पत्ता फक्त पहिल्या तक्त्यात आहेत. देवघेवीच्या प्रत्येक ओळीत सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि तारीख एवढेच आहे. वर्गणीच्या ओळीत सभासद क्रमांक, तारीख आणि रक्कम. कोणी रावपुऱ्यातून मांजलपूरला राहायला गेले, तर पत्ता एकाच ठिकाणी बदलावा लागतो, हा या विभागणीचा उघड फायदा. मात्र ‘हे पुस्तक कोणाच्या घरी आहे’ या साध्या प्रश्नाचे उत्तर आता कोणत्याही एका तक्त्यात राहत नाही. ते तक्ते जोडूनच मिळवावे लागते आणि त्या जोडणीला जॉइन म्हणतात.

ही कल्पना सुचायला १९७० साल उजाडावे लागले, याचे आज आश्चर्य वाटते. त्याआधीची अडचण जुन्या वाचनालयांच्या पद्धतीवरून चांगली समजते. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणले, तेव्हापासून या शहराला ग्रंथालयाच्या कार्डांचे कौतुक आहे. अनेक वाचनालयांत पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या पाकिटवजा तिकिटात सरकवून, ती जोडी परतीच्या तारखेप्रमाणे खोक्यात लावून ठेवत असत. आज कोणती पुस्तके परत यायला हवीत, हे त्या खोक्यावरून क्षणात कळे. पण अमुक वाचकाकडे किती पुस्तके आहेत, असे विचारले की सगळे खोके चाळावे लागे. पहिल्या पिढीतील माहितीसाठ्यांची गतही अशीच होती. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून घडलेल्या आयबीएमच्या आयएमएस या प्रणालीत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली असे, आणि कोणता प्रश्न सोपा व कोणता अवघड हे रचना करतानाच ठरून जाई. आयबीएमच्याच सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० च्या निबंधात सुचवले, की नोंदी एकमेकींना आधीपासून बांधून ठेवूच नयेत. त्यांच्यातील सामाईक मूल्य, म्हणजे आपल्या उदाहरणातला सभासद क्रमांक, हाच दुवा मानावा आणि जोडणी प्रश्न विचारतेवेळी करावी. या कामासाठी कॉडला १९८१ साली संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आयबीएममधील चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये या विचारावर उभी केलेली, माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा आधी ‘सीक्वेल’ होती. ते नाव एका ब्रिटिश विमाननिर्मिती कंपनीच्या नोंदणीकृत चिन्हाशी भिडल्यामुळे ती ‘एसक्यूएल’ झाली.

आता मूळ यंत्रणेकडे येऊ. जॉइन म्हणजे आधी गुणाकार आणि मग चाळणी. पहिल्या तक्त्याची प्रत्येक ओळ दुसऱ्या तक्त्याच्या प्रत्येक ओळीशेजारी ठेवायची, अशा सर्व जोड्यांतून अट पाळणाऱ्या जोड्या ठेवायच्या आणि बाकीच्या गाळायच्या. १९९२ च्या प्रमाणकापूर्वी एसक्यूएलमध्ये हे उघड दिसत असे, कारण त्या प्रमाणकात ‘जॉइन’ हा शब्द येईपर्यंत दोन तक्त्यांची नावे स्वल्पविराम देऊन लिहायची आणि चाळणीची अट पुढे वेगळी द्यायची, हीच पद्धत होती. अट लिहायला विसरले की गुणाकार तसाच्या तसा हाती येई. अट नसलेल्या या गुणाकाराला क्रॉस जॉइन म्हणतात आणि तो आपल्याकडे घरोघरी भिंतीवर टांगलेला असतो: पंचांगातील गुणमेलनाचे कोष्टक हे वराच्या नक्षत्रांचा वधूच्या नक्षत्रांशी केलेला गुणाकारच आहे. नुसती नक्षत्रे धरली, तरी सत्तावीस गुणिले सत्तावीस म्हणजे ७२९ जोड्या. हल्ली ‘संगणकावर पत्रिका जुळवून मिळेल’ अशा पाट्या दिसतात, तेव्हा गुण जुळवताना संगणक तिथे कोष्टकातला आकडा शोधण्यापलीकडे काही करत नाही, हे लक्षात ठेवावे. कोष्टकाला आधार नसेल, तर वेगाने शोधल्यामुळे तो येत नाही.

माझी फजिती याच गुणाकाराने केली. वार्षिक सभेसाठी प्रत्येक सभासदाने किती वर्गणी भरली आणि किती पुस्तके नेली, अशी एकत्र यादी हवी होती. मी सभासदांचा तक्ता वर्गणीला जोडला, त्याच क्वेरीत, म्हणजे संगणकाला एसक्यूएलमध्ये विचारलेल्या प्रश्नात, देवघेवीलाही जोडला आणि रकमेची बेरीज मागितली. शिल्लक पाहून खजिनदारांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, “एवढे पैसे आहेत, तर पावसाळ्यात कपाटांवर प्लास्टिक कशाला टाकतो आपण?”

एकाच सभासदाच्या ओळी उलगडून पाहिल्या, तेव्हा प्रकार उमगला. एका आजींनी वर्षात ३०० रुपयांचे दोन हप्ते भरले होते आणि १४ पुस्तके नेली होती. हप्ता आणि पुस्तक यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. दोघांचा संबंध फक्त आजींशी आहे. पण अट एवढीच होती, की सभासद क्रमांक जुळला पाहिजे, आणि तो तर प्रत्येक हप्त्याचा प्रत्येक पुस्तकाशी जुळत होता. त्यामुळे आजींच्या २८ ओळी झाल्या, प्रत्येक हप्ता १४ वेळा मोजला गेला आणि ६०० रुपयांचे ८,४०० झाले. वाचनाचा नाद जितका मोठा, तितकी त्या सभासदाची वर्गणी फुगलेली! याच्या उलट, ज्यांनी वर्गणी भरली पण वर्षभरात एकही पुस्तक नेले नाही, त्यांच्या पावतीला देवघेवीत जोडीदार न मिळाल्याने ती चाळणीतून गळून गेली. एकाच बेरजेत अशी फूगही होती आणि गळतीही, आणि संगणकाने चूक झाल्याचा एकही संदेश दिला नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने बरोबरच दिले होते.

अशा वेळी बहुतेक जण ‘डिस्टिंक्ट’ नावाचे मलम लावतात, म्हणजे सारख्या किमती एकदाच मोजायला सांगतात. मीही ते लावून पाहिले. आजींचे दोन्ही हप्ते ३०० रुपयांचेच असल्यामुळे ते एकच ठरले आणि ६०० चे ३०० झाले. खरा उपाय क्रमात आहे. वर्गणीची सभासदवार बेरीज आधी करून घ्यावी, म्हणजे दर सभासदाची एकच ओळ उरते. देवघेवीची मोजणीही तशीच वेगळी करावी. आणि मगच या दोन आटोपशीर तक्त्यांना सभासदांच्या तक्त्याशी जोडावे. एकाला एक गुणले की एकच राहतो. प्रश्न साध्या भाषेत विचारला की क्वेरी लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा सध्या बराच गाजावाजा आहे आणि ती साधने व्याकरण सहसा चुकत नाहीत, हे खरे. पण तुमच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे एक माणूस, एक हप्ता की एक पुस्तक, हे त्यांना रकान्यांच्या नावांवरून ताडावे लागते.

गळतीवरचा उपाय म्हणजे लेफ्ट जॉइन. त्यात डाव्या तक्त्यातील ज्या ओळीला जोडीदार मिळत नाही, ती टाकून न देता तिच्या उजव्या रकान्यांत ‘नल’ भरले जाते. नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामी जागाही नव्हे. नलचा अर्थ ‘मूल्य नाही किंवा माहीत नाही’ असा आहे. त्यामुळे ‘नल बरोबर नल’ हे विधान एसक्यूएलच्या लेखी खरेही नसते आणि खोटेही नसते, ते अज्ञात असते, आणि चाळणी अज्ञाताला आत घेत नाही. म्हणून लेफ्ट जॉइन केल्यानंतर ‘देवघेवीची तारीख यंदाची असावी’ अशी अट वेअर या भागात, म्हणजे जोडणीनंतरच्या चाळणीत टाकली, की नल असलेल्या सगळ्या ओळी पुन्हा गळतात आणि लेफ्ट जॉइनचा मुकाट्याने इनर जॉइन, म्हणजे फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारा जॉइन होतो. हीच अट ऑन या भागात, म्हणजे जोडी लावण्याच्या नियमातच लिहिली, तर त्या ओळी टिकतात.

गुणाकार ही जॉइनची व्याख्या आहे. यंत्र प्रत्यक्षात तो करत बसले असते, तर ही भाषा कधीच मागे पडली असती. २,००० सभासद आणि देवघेवीच्या ५०,००० नोंदी धरा. सर्व जोड्या तपासायच्या म्हटल्या, तर १० कोटी तुलना होतात. यातून सुटण्याची मला सर्वांत आवडणारी युक्ती म्हणजे हॅश जॉइन, आणि टपालाची छाननी करताना खण असलेले कपाट वापरतात, ते डोळ्यांपुढे आणले की ती समजते. एक हजार खणांचे कपाट घ्या आणि प्रत्येक सभासदाचे कार्ड त्याच्या क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांच्या खणात टाका. १ ते २,००० असे सलग क्रमांक असतील, तर प्रत्येक खणात दोन कार्डे पडतील. आता देवघेवीची नोंद हातात घ्या, तिच्यातील सभासद क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे पाहा, थेट त्याच खणात हात घाला आणि तिथल्या दोनच कार्डांशी ताडून पाहा. ५०,००० नोंदींसाठी एक लाख तुलना झाल्या, म्हणजे काम हजारपट घटले. नोंद कोणत्या खणात जाईल हे जिच्यावरून ठरते, त्या आकडेमोडीला हॅश फलन म्हणतात. ‘शेवटचे तीन आकडे’ हे फलन तसे भोळे आहे: उद्या प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी शाखेचा ००१ हा संकेत जोडला, तर सगळी कार्डे एकाच खणात कोंबली जातील आणि आपण पुन्हा १० कोटींवर येऊ. म्हणून खरी फलने क्रमांकाचा प्रत्येक अंश घुसळून मगच खण ठरवतात.

कपाट नेहमी लहान तक्त्याचे करावे, कारण ते संगणकाच्या स्मृतीत मावायला हवे. न मावल्यास दोन्ही तक्त्यांना आधी एकाच फलनाने मोठ्या गठ्ठ्यांत विभागतात आणि समोरासमोरच्या गठ्ठ्यांचाच जॉइन करतात, कारण जुळणाऱ्या ओळी वेगवेगळ्या गठ्ठ्यांत जाऊच शकत नाहीत. ही पद्धत जपानमधील ग्रेस या संगणक प्रकल्पात १९८३ च्या सुमारास मांडली गेली. मायएसक्यूएलसारख्या लोकप्रिय प्रणालीत हॅश जॉइन यायला मात्र २०१९ उजाडले. या युक्तीला एक मर्यादा आहे. अट समानतेची असेल तरच खण उपयोगी पडतो. ‘त्या तारखेला लागू असलेला दंडाचा दर’ यासारख्या दोन तारखांमधल्या अटीला तो चालत नाही. तिथे क्रमाने लावलेल्या नोंदी कामाला येतात. दोन्ही तक्ते आधी क्रमाने लावून दोन बोटांनी बरोबरीने खाली सरकत जायचे, ही सॉर्ट मर्ज जॉइनची पद्धतही समान मूल्यांच्या जोड्यांसाठी फार जुनी आहे. आयबीएमचे १९३७ चे कोलेटर यंत्र भोके पाडलेल्या कार्डांच्या दोन गड्ड्या अशाच जुळवत असे.

तक्ते दहा असतील, तर ते एकामागून एक जोडण्याचे ३६,२८,८०० क्रम संभवतात आणि उत्तर तेच असले, तरी काही क्रम सेकंदात, तर काही तासांत पुरे होतात. आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवले, की प्रत्येक क्रम तपासायची गरज नाही. दहा तक्त्यांच्या १,०२४ उपसंचांपैकी प्रत्येकाचा सर्वांत स्वस्त मार्ग लहानापासून मोठ्याकडे लिहीत गेले, तर मोठ्या उपसंचाचा मार्ग लहानांच्या मार्गांतून जुळवता येतो. हा स्वस्तपणा अर्थातच अंदाजाने ठरतो, आणि तक्त्यांची आकडेवारी शिळी असली की अंदाज चुकतो.

बेरजेचा क्रम सुधारल्यावर आमचा हिशेब जवळपास जुळला, तरी पावतीपुस्तकापेक्षा ६०० रुपये कमीच येत होते. पहिल्या वर्षीच्या पावत्यांवर सभासद क्रमांक नव्हता, म्हणून तेवढ्या पावत्या मी नावावरून जोडल्या होत्या आणि त्यात कऱ्हाडे आडनावाचे एक सभासद जोडीदाराविना राहिले होते. दोन्ही तक्त्यांतले नाव पडद्यावर हुबेहूब सारखे दिसत होते. अक्षरांमागचे युनिकोड संकेत, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी संगणक साठवतो ते आकडे, काढून पाहिले, तेव्हा एकीकडे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त असे टंकलेले आढळले, तर दुसरीकडे साधा ‘र’, हलन्त आणि त्यांच्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक सांधणारे चिन्ह. अर्धा र दोन्हींकडून तोच उमटतो, पण तुलना करणाऱ्या यंत्रासमोर चित्र नसते, संकेतांची माळ असते. आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या नियमांनीही, या दोन माळा एक होत नाहीत. त्या वर्षीच्या पावत्यांवर सभासद क्रमांक हाताने घातले, नावावरचा जॉइन काढून टाकला आणि बेरीज पावतीपुस्तकाशी रुपयाला रुपया जुळली.