रानडुक्कर, रोही, गव्याने पीक खाल्लं? वनविभागाकडून भरपाई कशी घ्यायची

सकाळी शेतात जावं आणि अर्धा प्लॉट लोळवलेला दिसावा, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळतं. विदर्भात रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुक्कर, राधानगरीकडे गवे, दोडामार्ग-चंदगडकडे हत्ती. जंगल वाचायला पाहिजे हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही हो, पण त्याचा सगळा खर्च त्यानेच का सोसायचा? म्हणून सरकारची भरपाई आहे आणि ती हक्काने मागायची. बरेच जण नुसतं उशीर झाला म्हणून ती गमावतात.

तर पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, नुकसान झाल्यापासून 3 दिवसांच्या आत तक्रार करायची, जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या ऑफिसला (यालाच रेंज ऑफिस म्हणतात). तोंडी सांगून "साहेब येतो म्हणाले" एवढ्यावर थांबू नका, अर्ज लेखी द्या आणि झेरॉक्सवर पोच घ्या, तारखेसकट. कुणाकडे जायचं तेच माहीत नसेल तर वनविभागाच्या 1926 या टोल फ्री नंबरवर फोन करा, पण फोन केला म्हणजे अर्ज झाला असं समजू नका.

कोणत्या प्राण्यांचं नुकसान चालतं? रानडुक्कर, हरीण, काळवीट, रोही, गवा, माकड, वानर, हत्ती हे त्यात आहेत.

कुणाला मिळत नाही तेही बघून घ्या. वनजमिनीवर अतिक्रमण करून केलेली शेती असेल तर नाही. वन कायद्याखाली किंवा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा असेल तर नाही. आणि एक अट फार कमी लोकांना माहिती असते, घरातली चारपेक्षा जास्त गुरं जंगलात चरत असतील तरी अडचण येते.

कागदपत्रं फार नाहीत. अर्ज, चालू सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुकची झेरॉक्स आणि नुकसानीचे फोटो. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र आधीच करून ठेवा, कारण भाऊ पुण्याला, बहीण सासरी आणि सहीसाठी केस महिनाभर लटकली असं गावोगाव होतं. ई-पीक पाहणी केलेली असावी, सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंदच नसेल तर सोयाबीन खाल्लं हे कशावरून पटवणार?

फोटो काढताना जवळून पायाचे ठसे, विष्ठा, उकरलेली माती घ्या आणि लांबून अख्खा प्लॉटही घ्या, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून. पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नका, नांगर तर अजिबात घालू नका. पंचनाम्याला वनविभागाचा माणूस, कृषी सहायक आणि तलाठी किंवा ग्रामसेवक येतात, त्या वेळी स्वतः हजर राहा आणि किती क्षेत्र लिहिलंय ते वाचूनच सही करा. भरपाईचे दर शासन निर्णयाने बदलत असतात, त्यामुळे जुन्या फॉरवर्डवर न जाता चालू दर रेंज ऑफिसलाच विचारा.

जनावर वाघा-बिबट्याने मारलं असेल तर वेळ अजून कमी, 48 तास, आणि मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही.

आता कुंपणाबद्दल. लाईनवरून तारेत करंट सोडू नका, हात जोडून सांगतो. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला आपलाच माणूसही मरतो, वर गुन्हा दाखल होतो तो वेगळा. त्यापेक्षा सौर कुंपण घ्या, त्याचा झटका जोरात बसतो पण थांबून थांबून येतो, जीव जात नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला 75 टक्के किंवा 15,000 रुपये, जे कमी असेल तेवढं अनुदान आहे. ही योजना व्याघ्र प्रकल्पांच्या बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, आणि अभयारण्यांना लागून असलेल्या गावांसाठी सुरू झाली, नंतर गावं वाढली, त्यामुळे आपलं गाव यादीत आहे का ते रेंज ऑफिसमध्ये विचारून मगच अर्ज भरा.

आणि पीकविम्याचंही लक्षात ठेवा. खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांचं नुकसान पंतप्रधान पीकविमा योजनेत घ्यायचं केंद्राने जाहीर केलंय, प्राणी आणि जिल्हे राज्याने ठरवायचे आहेत. तिथे 72 तासांत पीकविमा ॲपवर जिओटॅग म्हणजे लोकेशन असलेल्या फोटोसकट कळवायचंय, म्हणजे तेच फोटो दोन्हीकडे कामाला येतात.